बंद्या रुपयातील चांदी



एखाद्याच्या सचोटीची ग्वाही द्यायची झाली की मराठी माणूस म्हणतो, ‘तो म्हणजे बंदा रुपया आहे.’ बोलणे रोखठोक असेल तर ते खणखणीत नाणे. गोष्ट पूर्ण खरी असेल तर ती सोळा आणे खरी. परीक्षेत टिकला तो कसाला उतरला आणि नावाला कलंक लागला तर कीर्तीला बट्टा लागला. ही सारी शब्दसंपदा सराफाच्या पेढीवरून आणि टाकसाळीच्या भट्टीतून आपल्या घरात आली आहे. माणसाची पारख आणि नाण्याची पारख या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांना एकाच जातीच्या वाटत होत्या.

आज खिशातला रुपया दगडावर आपटला तर खणखणत नाही. सोळा आणे १९५७ मध्ये हिशेबातून गेले. बट्टा कशाला म्हणत, हे नव्या पिढीला समजावून सांगावे लागते. शब्द राहिले, धातू मात्र गेला. हा धातू कधी गेला, कोणी काढला, कोणत्या कारणाने काढला आणि त्याची किंमत अखेर कोणाच्या घरातून वसूल झाली, हे पाहणे म्हणजे एका अर्थाने देशाचा इतिहासच तराजूत घालून पाहणे होय.

कौटिल्याची टाकसाळ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वीची नाणी निर्भेळ चांदीची किंवा निर्भेळ सोन्याची असत आणि भेसळ ही पुढच्या काळाची देणगी आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टाकसाळीच्या प्रमुखाला ‘लक्षणाध्यक्ष’ म्हटले आहे आणि नाण्यांची परीक्षा करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’. चांदीचा पण कसा पाडावा याचे प्रमाणही तेथे दिले आहे. सोळा माषांच्या पणात चार माष तांबे, एक माष लोखंड, कथील, शिसे किंवा अंजन यांपैकी काही आणि उरलेले अकरा माष चांदी. याचे कारण व्यावहारिक आहे. शुद्ध चांदी मऊ असते. हातोहात फिरताना ती झिजते. तिला कठीण करण्यासाठी दुसरा धातू मिसळावाच लागतो.

म्हणजे मिश्रण हा गुन्हा नव्हे. प्रमाण ठरलेले असावे, ते सर्वांना ठाऊक असावे आणि राजाने गुपचूप बदलू नये, यावर नाण्याचा प्रामाणिकपणा अवलंबून असतो. लक्षणाध्यक्ष आणि रूपदर्शक ही दोन वेगळी पदे ठेवण्यामागे हीच दृष्टी दिसते. नाणे पाडणारा एक आणि तपासणारा दुसरा.

महाराष्ट्राच्या भूमीवर सातवाहनांनी शिसे आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी मोठ्या प्रमाणावर वापरली. सामान्य व्यवहाराला स्वस्त धातू पुरेसा असतो, हे त्यांना ठाऊक होते. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. विजेत्याने पराभूताची चांदी वितळवली नाही. तीच नाणी आपल्या शिक्क्याखाली पुन्हा चलनात आणली. धातू तोच होता, त्यामागची हमी मात्र बदलली होती.

गुप्तांच्या सुवर्णनाण्यांची कथा याच्या उलट आहे. समुद्रगुप्त आणि दुसरा चंद्रगुप्त यांच्या नाण्यांचा कस उत्तम होता. हूणांच्या आक्रमणांनी राज्य जर्जर होऊ लागले, तसा स्कंदगुप्ताच्या काळापासून नाण्याचा कस उतरू लागला. विशेष असे की त्याच काळात नाण्याचे वजन वाढले. नाणे हातात जड लागे, पण त्यातले सोने कमी झालेले असे. उत्तरकालीन गुप्तांच्या नाण्यांत ही घसरण आणखी वाढली. साम्राज्य थकल्याचे शिलालेखांत सहसा लिहिले जात नाही. नाण्यांच्या कसात ते उतरते.

आणि कस पूर्णपणे सोडून केवळ आज्ञेवर नाणे चालवू पाहणारा सुलतानही या देशाने पाहिला. महंमद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत, असे फर्मान काढले. दौलताबादच्या टाकसाळीतही ती पाडली गेली. आजच्या चलनाचे तत्त्वही वेगळे नाही. परंतु नक्कल रोखण्याची कोणतीही व्यवस्था त्याच्यापाशी नव्हती. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि काही वर्षांतच तांब्याची नाणी परत घेऊन त्यांच्या बदल्यात खजिन्यातून खरी नाणी मोजावी लागली. नुसता शिक्का पुरेसा नसतो. त्या शिक्क्यामागे शिस्तही लागते, हा त्यातला धडा.

शिवराई आणि बट्टा

रुपया हे नाव ‘रूप्य’ या संस्कृत शब्दावरून आले. चांदी हा त्याच्या नावातच आहे. शेरशाह सुरीने १५४० ते १५४५ या आपल्या राजवटीत सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा चांदीचा रुपया रूढ केला आणि मोगलांनी तेच माप पुढे चालवले.

१६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई या नाण्यांनी स्वराज्याचे सार्वभौमत्व जनतेच्या हाती पोहोचवले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही देवनागरी अक्षरे असलेली शिवराई शेतकऱ्याच्या कनवटीला आणि बाजारातल्या भाजीवालीच्या बटव्यात पोहोचली. होन दरबाराचा होता, शिवराई रयतेची. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावरही दख्खनच्या बाजारांत शिवराई दीर्घकाळ चालत राहिली. राज्य गेले तरी नाणे चालते, असे भाग्य फार थोड्या राजांच्या नाण्यांना लाभते.

पेशवाईत मराठी सत्ता दूरवर पसरली आणि टाकसाळीही वाढल्या. चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का असे नाना रुपये बाजारात होते. अनेक टाकसाळी खाजगी मक्त्याने चालत. प्रत्येक रुपयाचे वजन आणि कस थोडा वेगळा. म्हणून सराफ नाणे हातात घेई, कानाशी वाजवी, कसोटीच्या दगडावर घाशी आणि मूळ किमतीतून काही रक्कम कापून घेई. हाच तो बट्टा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन आणि टाकसाळी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. राज्यकारभाराचा अभ्यास करणाऱ्याला नाण्यांचा अभ्यास टाळता येत नाही, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते.

या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट होती. नाण्यात धातू कमी असेल तर ते लगेच उघड होई आणि बट्टा लागे. पण बट्टा भरायचा कोणी? ज्याला पारख नाही त्याने. सराफाचे नुकसान होत नसे, सावकाराचे होत नसे. वसुली भरायला आलेल्या कुणब्याच्या पदरातून ती तूट भरून निघे.

एकशे ऐंशी ग्रेनचा रुपया

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातील सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हेच वजन पुढे तोळा म्हणून प्रमाण झाले आणि ऐंशी तोळ्यांचा शेर ठरला. जुन्या घरांत ‘रुपयाभार’ हे माप चाले ते यामुळेच. तराजूच्या पारड्यात वजनाऐवजी रुपयेच टाकले तरी चालत. यंत्रावर पाडलेल्या या रुपयाला लोकांनी ‘कलदार’ म्हटले. १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला आणि तो ‘राणीछाप’ झाला. बट्ट्याचा जाच संपला, हे त्या व्यवस्थेचे गुण मान्य केले पाहिजेत.

परंतु रुपयाचा कस टिकला तरी त्याचे मोल टिकले नाही. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातील देश सोन्याच्या चलनाकडे वळले, अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि जगात चांदी स्वस्त झाली. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत जेमतेम सव्वा शिलिंगावर आला. भारताला दरवर्षी ‘होम चार्जेस’ या नावाखाली विलायतेला सोन्याच्या चलनात रक्कम पाठवावी लागे. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये गोळा करावे लागत. यावर उपाय म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने टाकसाळी जनतेला बंद केल्या.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्यापूर्वी कोणीही माणूस चांदी घेऊन टाकसाळीत गेला की अल्प आकार भरून त्याचे रुपये पाडून मिळत. त्यामुळे रुपया आणि रुपयाभार चांदी यांत फारसा फरक उरत नसे. खेड्यातील बाईच्या हातातले गोट, पायांतले तोडे आणि वाळे हीच तिची ठेव होती. शंभर तोळे चांदी म्हणजे जवळजवळ शंभर रुपये, हा तिचा साधा हिशेब. टाकसाळीचे दार बंद झाले त्या दिवशी हा हिशेब मोडला. रुपया सरकारने वर ओढला. १८९८-९९ पर्यंत तो एक शिलिंग चार पेन्सवर नेऊन ठेवला. पण रुपयाबाहेरची चांदी स्वस्तच राहिली. तिच्या अंगावरचे दागिने तेवढेच होते, चांदीही तीच होती. मात्र सारा भरायला आणि धान्य घ्यायला लागणारा रुपया आता तिला महाग झाला.

त्यानंतर लगेचच १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन भीषण दुष्काळ पडले. ज्या क्षणी दागिने मोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याच क्षणी त्यांचे मोल सरकारी निर्णयाने उतरलेले होते. दादाभाई नौरोजी यांनी या धोरणाला ठाम विरोध केला. रुपया कृत्रिमरीत्या महाग करणे म्हणजे रयतेवरचा कर गुपचूप वाढवणे होय, अशी त्यांची भूमिका होती. येथे नाण्यातला एक कणही धातू काढला गेला नव्हता. तरीही घराघरांतील चांदीला बट्टा लागला, आणि तो पुन्हा ज्याला पारख नव्हती त्यालाच भरावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात याच व्यवस्थेची चिकित्सा केली. चलन किती काढावे हे शासनकर्त्यांच्या मर्जीवर राहिले तर त्याच्या मोलाला स्थैर्य राहत नाही आणि त्याचा भार सामान्यांवर पडतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी आपले म्हणणे मांडले.

दोन महायुद्धे

पहिल्या महायुद्धाने चक्र उलटे फिरवले. युद्धसामग्रीच्या खरेदीसाठी भारतात रुपयांची मागणी प्रचंड वाढली आणि जगात चांदी महागली. एक शिलिंग चार पेन्सच्या रुपयातील चांदी त्याच्या मोलाबरोबर होण्यासाठी लंडनमध्ये औंसाला ४३ पेन्स भाव असावा लागे. फेब्रुवारी १९२० मध्ये तो भाव ८९ पेन्सच्याही वर गेला. नाणे वितळवले तर अधिक पैसे मिळतात, अशी स्थिती आली की नाणे बाजारातून नाहीसे होते. सरकारने १९१७ मध्ये नाणी वितळवण्यास बंदी केली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट आणली. १९१८ मध्ये दोन आण्याचे आणि १९१९ मध्ये चार व आठ आण्यांचे नाणे तांबे-निकेलच्या मिश्रधातूत निघाले. अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी भारताच्या गरजेसाठी विकली.

दुसऱ्या महायुद्धात मात्र रुपयाच्या अंगातलीच चांदी गेली. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. इंग्रजी सत्तेवरचा लोकांचा विश्वास डळमळला आणि त्यांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात नेण्यास प्रारंभ केला. गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे हा गुन्हा ठरवण्यात आला. एक रुपयाची नोट पुन्हा आली. त्याच वर्षी रुपयाची घडण बदलली. चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण चांदी १०.६९ ग्रॅमवरून ५.८३ ग्रॅमवर आली. गुप्तकाळाचा प्रसंग वेगळ्या वेशात परत आला होता. हाताला जाणवणारे वजन कायम ठेवून आतला धातू काढून घेतला गेला. १९४१ ते १९४३ या काळात राणीछाप रुपया आणि त्यानंतरच्या राजांचे जुन्या कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द झाले.

तांब्याचीही तीच गत. १८३५ च्या तांब्याच्या पैशाचे वजन १०० ग्रेन होते. १९४३ मध्ये पैशाला मधोमध भोक पडले आणि वजन दोन ग्रॅमच्या आसपास राहिले. आण्याची नाणी निकेल-पितळेची झाली. सुट्या पैशांची एवढी टंचाई झाली की सौराष्ट्र आणि राजपुतान्यातील काही संस्थानांनी पुठ्ठ्याचे तुकडे नाण्यांच्या जागी वापरात आणले. आजीच्या गोष्टीतला ‘भोकाचा पैसा’ गमतीचा वाटतो. त्यामागे युद्धाच्या कारखान्यांकडे वळवलेले तांबे होते.

युद्धकाळात अमेरिकेने उधार-उसनवारीच्या करारान्वये हिंदुस्थानला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली. अट अशी की युद्धानंतर चांदीची फेड चांदीनेच करायची. १९४६ मध्ये पाव आणि अर्धा रुपया, तर १९४७ मध्ये रुपया शुद्ध निकेलचा झाला. रोजच्या व्यवहारातील नाण्यातली चांदी संपली. चलनातून परत आलेले निम्म्या चांदीचे रुपये वितळवून, त्यांतली चांदी वेगळी काढून स्वतंत्र भारताने १९५० च्या दशकात हे ऋण फेडले. बंद्या रुपयातील चांदी कुठे गेली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग येथे आहे. परक्यांच्या युद्धासाठी घेतलेले कर्ज या देशाने आपल्या नाण्यांतल्या चांदीने चुकते केले. स्वातंत्र्याची सुरुवात दिलेला शब्द पाळण्याने झाली, हेही त्याच वेळी लक्षात घ्यावे.

निकेल, ॲल्युमिनियम, पोलाद

१५ ऑगस्ट १९५० रोजी राजाचा मुखवटा जाऊन नाण्यांवर अशोकाचा सिंहशीर्ष आला. पैशावर अश्व आला, आण्यावर वृषभ. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे किंवा चौसष्ट पैसे जाऊन शंभर ‘नवे पैसे’ झाले. १ जून १९६४ रोजी त्यातला ‘नवे’ हा शब्द गेला.

पुढची कथा परकीय चलनाच्या टंचाईची आहे. निकेल बाहेरून आणावे लागे. तांबेही देशाच्या गरजेइतके निघत नव्हते. बॉक्साइट मात्र देशात मुबलक होते. म्हणून १९६४ मध्ये तीन पैसे, १९६५ मध्ये एक आणि दोन पैसे, १९६७ मध्ये पाच आणि १९७१ मध्ये दहा पैसे ॲल्युमिनियमचे झाले. एक पैशाचे चौकोनी नाणे अवघे पाऊण ग्रॅमचे होते. तरीही महागाई वाढत गेली, तसा धातू नाण्याच्या दर्शनी किमतीला गाठू लागला. छोटी नाणी वितळवणे आणि त्यासाठी साठवणे रोखण्यासाठी १९७१ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. १९८८ मध्ये दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी स्टेनलेस स्टीलची निघाली. १९९२ मध्ये रुपयाही पोलादाचा झाला. त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असते.

एका रुपयाच्या वजनाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९४७ पर्यंत ११.६६ ग्रॅम. दशमान पद्धतीतील निकेलचा रुपया १० ग्रॅम. १९७५ चा तांबे-निकेलचा ८ ग्रॅम. १९८३ चा ६ ग्रॅम. १९९२ चा पोलादी ४.८५ ग्रॅम. २०११ चा ३.७९ ग्रॅम आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला ३.०९ ग्रॅम. गंमत अशी की १९८८ मध्ये जे आकारमान आणि वजन पन्नास पैशांचे होते, तेच २०११ मध्ये एक रुपयाचे झाले आणि १९९२ च्या रुपयाचे माप दोन रुपयांच्या नाण्याने घेतले. जणू प्रत्येक नाणे एकेक पायरी खाली उतरले.

घरातील मुलांना हा इतिहास दाखवायला संग्रहालयात जाण्याची आवश्यकता नाही. जुन्या डब्यातली नाणी काढावीत आणि लोहचुंबक घ्यावा. १९६२ चा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो. १९७५ चा तांबे-निकेलचा चिकटत नाही. १९९२ चा पोलादी पुन्हा चिकटतो. नाण्यावरील वर्षाखाली हिरकणीसारखे चिन्ह असेल तर ते मुंबई टाकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एका सायंकाळी एवढे दाखवले तरी पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण शिकवून होते.

याच संदर्भात एका प्रथेचा विचार करावा. नदी ओलांडताना पाण्यात नाणे टाकण्याची रीत आहे. तांब्यामुळे पाणी शुद्ध होत असे, असे तिचे समर्थन केले जाते. तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील जंतू कमी होतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. परंतु वाहत्या नदीत टाकलेल्या पोलादी नाण्याला हे समर्थन लागू पडत नाही. श्रद्धा जपायची तर तेच नाणे नदीच्या स्वच्छतेसाठी द्यावे. ते अधिक सार्थकी लागेल.

विश्वासाचा कस

नाण्याचा धातू आणि त्याची किंमत यांचा झगडा आजही संपलेला नाही. २००७ मध्ये पोलादी नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जातात, अशा बातम्या झळकल्या होत्या. ३० जून २०११ रोजी पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी चलनातून गेली. त्याच वर्षीच्या नाणे कायद्याने नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. माहिती अधिकारातून २०१८ मध्ये पुढे आलेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचे नाणे पाडण्यास १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. ज्या नाण्यातून एकेकाळी राजे नफा काढत, ते पाडण्यासाठी आता राज्य स्वतः पदरमोड करते.

मग रुपया आता कशावर उभा आहे? त्यात चांदी नाही, निकेल नाही, तांबेही नाही. तो राज्याच्या शब्दावर उभा आहे. आणि राज्याचा शब्द कशावर उभा असतो? देशातील शेतात आणि कारखान्यात घाम गाळणाऱ्या हातांवर, वेळेवर भरलेल्या करावर, खर्चाच्या शिस्तीवर आणि नागरिकांच्या परस्परविश्वासावर. पूर्वी कस नाण्यात होता. आता तो समाजात असावा लागतो.

हा विश्वास किती नाजूक असतो, याचा अनुभव दहा रुपयांच्या नाण्याने दिला. वेगवेगळ्या नक्षीची दहाची नाणी पाहून काही नाणी खोटी आहेत, अशी अफवा पसरली आणि अनेक ठिकाणी दुकानदार व वाहनचालक ती नाकारू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत. दोन धातूंचे, भक्कम, सरकारी टाकसाळीतून आलेले नाणे आणि तरीही ते चालेना. त्याचा फटका कोणाला बसला? मोबाईलवरून पैसे देणाऱ्याला नव्हे. दिवसभराची कमाई नाण्यांत मोजणाऱ्या फुलवालीला, चहाच्या टपरीवाल्याला आणि हातगाडीवाल्याला. पेशवाईतल्या कुणब्याच्या पदरी पडलेला तोच बट्टा, तीनशे वर्षांनी, एका अफवेपायी पुन्हा दुबळ्याच्या पदरी पडला.

म्हणून बंद्या रुपयातली चांदी परत आणता येणार नाही, याची हळहळ करत बसण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या पणातही सगळी चांदी नव्हती. त्याच्या व्यवस्थेत प्रमाण ठरलेले होते आणि तपासणारा जागा होता, म्हणून तिला मान होता. आज प्रत्येक नागरिक हा रूपदर्शक आहे. राज्य चलनाचे मोल राखते की नाही, हे जागरूकपणे तपासणे हे त्याचे एक काम. ऐकीव गोष्टीवर विसंबून गरिबाच्या हातातले खरे नाणे खोटे ठरवायचे नाही, हे दुसरे.

उद्या बाजारात कोणी दहाचे नाणे पुढे केले तर ते आनंदाने घ्यावे. घरातल्या डब्यात पडून असलेली चालू नाणी बाहेर काढून व्यवहारात आणावीत, कारण फिरणारे नाणेच नाणे असते. आणि राणीछाप रुपया किंवा शिवराई घरात असेल तर ती मोडीत न देता पुढच्या पिढीच्या हाती, तिच्या इतिहासासह सोपवावी. रुपयातली चांदी गेली. ‘बंदा रुपया’ हा शब्द ज्याला लावावा अशी माणसे मात्र घरोघरी घडवता येतात, आणि देशाच्या चलनाला अखेर त्यांचाच आधार असतो.